स्तनभाराची शस्त्रक्रिया : इतिहासांतील एक संकोचाचें प्रकरण



कांहीं विषय असे असतात, कीं ते घरांत उघडपणें बोलले जात नाहींत, वैद्यापुढेंहि अर्धेमुर्धेच बोलले जातात, आणि इतिहासाच्या ग्रंथांत त्यांना तळटीपेपलीकडे जागा मिळत नाहीं. आज मी आपणांपुढें मांडणार आहें तें प्रकरण या तिन्ही बाबतींत दुर्दैवी ठरलेलें आहे. स्त्रीच्या स्तनांची वाढ प्रमाणाबाहेर झाली, त्यांचें ओझें तिच्या मानेला, खांद्यांना आणि पाठीला पेलवेनासें झालें, तर तें ओझें शस्त्रक्रियेनें हलकें करतां येतें. ही विद्या आज वैद्यकाला चांगली साधली आहे. ती साधण्यास किती काळ लागला, त्यांत कोण कोठें चुकलें आणि वाट कशी सांपडली, हें सांगण्याचा माझा विचार आहे. विषय नाजूक आहे हें मी जाणतों. परंतु शरीराचें दुःख सभ्य शब्दांत सांगतांच येत नाहीं, असें मानण्याचें कारण नाहीं.

माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांत नात्यानें आजी लागणाऱ्या एक बाई राहत. त्या नेहमीं किंचित् पुढें वांकून चालत. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेण्याची त्यांना संवय होती. आम्हां मुलांना वाटे, आजींना थंडी वाजते. पुढें मोठेपणीं आईकडून कळलें, कीं बॉडिसच्या पट्ट्यांनीं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर खोल खाचा पडल्या होत्या, उन्हाळ्यांत छातीखालची कातडी सोलवटून निघे, आणि शंखजिऱ्याची पूड लावून त्या दुपारभर खोलीचें दार लोटून पडून राहत. मान दुखते, पाठ दुखते, हाताला मुंग्या येतात, या त्यांच्या तक्रारींवर घरांतील सर्वांचें एकच उत्तर असे : वय झालें. वस्तुतः हीं दुखणीं त्यांना विसाव्या वर्षापासून होतीं. आज यांतील एकेक लक्षण वैद्यकाच्या पुस्तकांत जसेंच्या तसें लिहिलेलें सांपडतें.

या शस्त्रक्रियेचा फार जुना आणि स्पष्ट उल्लेख मिळतो तो सातव्या शतकांतील पौलस एजिनेटा या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांत. मौज अशी, कीं ती शस्त्रक्रिया स्त्रियांसाठीं सांगितलेली नाहींच. पुरुषाचे स्तन वाढले तर त्याला बायकीपणाचा दोष लागतो, म्हणून शस्त्रवैद्यानें तो दूर करावा, असें पौलसाचें म्हणणें. रीतहि तो बारकाईनें देतो. स्तनाच्या खालच्या अंगास चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, कातडी सोडवून आंतील मेद काढावा आणि टांके घालावे. स्तन फारच ओघळला असेल तर दोन कोरी टोंकाला टोंक मिळेल अशा घेऊन मधली कातडीहि काढून टाकावी. कातडी किती आणि कोठें कमी करावयाची, हा प्रश्न पुढें तेराशें वर्षें शस्त्रवैद्यांना छळणार होता. त्याचें बीज येथें आहे. इ. स. १००० च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या अल् जहरावीनेंहि आपल्या अरबी ग्रंथांत याच तऱ्हेची रीत नोंदली.

पुरुषाची लाज राखण्यासाठीं वैद्यक शस्त्र उपसावयास तयार होतें, स्त्रीची पाठ वांचविण्यासाठीं नव्हतें, असें म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यांत तथ्यहि आहे. परंतु त्या काळाला दोष देतांना एक गोष्ट विसरूं नये. गुंगीचें औषध नाहीं, जंतूंची कल्पना नाहीं, रक्त थांबविण्याचीं साधनें तुटपुंजीं; अशा स्थितींत स्त्रीच्या वाढलेल्या स्तनावर शस्त्र धरणें म्हणजे तिच्या प्राणाशींच खेळ होता. कर्करोगासाठीं त्या काळीं जे स्तन कापले जात, त्यांच्या हकीकती आज वाचवत नाहींत.

स्त्रीच्या या व्याधीची एक प्रसिद्ध नोंद १६६९ सालची आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत विल्यम डर्स्टन नांवाच्या प्लिमथ येथील वैद्यानें ती छापली. तेवीसचोवीस वर्षांची एक तरुणी जुलै महिन्यांत एके रात्रीं नेहमींप्रमाणें निजली. सकाळीं तिचे दोन्ही स्तन इतके सुजले होते कीं तिला कुशीवर वळवेना. ऑक्टोबरांत ती मरण पावली. मृत्यूनंतर तिचा डावा स्तन कापून तोलला तेव्हां तो ६४ पौंड, म्हणजे सुमारें २९ किलो भरला. हा प्रकार अर्थात् अपवादात्मक. पण तेव्हांपासून या विषयाला वजनकांटा जो चिकटला, तो आजपावेतों सुटलेला नाहीं. त्याकडे आपण शेवटीं येऊं.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला तसें चित्र पालटलें. १८४६ सालीं ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग झाला. १८६७ सालीं लिस्टरनें जंतुघ्न शस्त्रक्रियेचे लेख प्रसिद्ध केले. आतां शस्त्रवैद्याला घाई करण्याचें कारण उरलें नाहीं, आणि केवळ प्राण वांचविण्यापलीकडच्या हेतूसाठींहि शस्त्र धरणें शक्य झालें. बर्लिनचा डीफेनबाख याच्या मृत्यूनंतर १८४८ सालीं निघालेल्या ग्रंथांत स्तन लहान करण्याची चर्चा आहे. स्तनाच्या खालच्या घडींत छेद लपविण्याची कल्पना इतिहासकार त्याच्या नांवावर मांडतात. न्यूयॉर्कच्या गेलर्ड टॉमसनें १८८२ सालीं याच घडींतून निरुपद्रवी गांठी काढण्याची रीत सांगितली, ती दर्शनीं वण दिसूं नये म्हणून. बोर्दोच्या पूसाँ यानें १८९७ सालीं स्तनाच्या वरच्या बाजूनें कातडी व मेद काढून तो वर उचलून बांधला. पॅरिसच्या मोरेस्तँ यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत खालच्या घडींतून शिरून स्तनाच्या पाठीमागचा भाकरीएवढा थर काढून टाकण्याचा मार्ग धरला. या सर्वांचे हेतु चांगले होते. पण मोठ्या स्तनाला यांतील एकहि उपाय पुरेसा नव्हता. कां, तें समजण्यासाठीं थोडें शरीररचनेंत शिरलें पाहिजे.

एखादी मोठी थैली आहे, तींतला अर्धा ऐवज काढून घेतला, तर थैली लोंबकळूं लागेल. म्हणून थैलीहि कापून लहान केली पाहिजे. हें झालें कातडीचें. पण स्तनाच्या थैलीवर एक नाजूक वस्तु बसविलेली आहे, ती म्हणजे स्तनाग्र आणि त्याभोंवतींचें काळसर मंडल. ओघळलेल्या स्तनांत तें खालीं गेलेलें असतें. स्तन लहान करावयाचा तर स्तनाग्र चार, सहा, कधीं दहाबारा अंगुळें वर आणलें पाहिजे. तें कापून काढावें तर त्याचें रक्त तुटतें. न कापतां वर न्यावें तर मधें असलेली कातडी आणि ग्रंथि आड येते. स्तनाला रक्त चोहोंकडून मिळतें : छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनें, काखेच्या बाजूनें, बरगड्यांच्या मधून आणि खालूनहि. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीखालून येणाऱ्या मज्जातंतूवर अवलंबून असते. शस्त्रवैद्य जेवढें अधिक मांस काढील तेवढ्या या वाटा अधिक तुटणार, आणि कमी काढील तर ओझें तसेंच राहणार. या शस्त्रक्रियेच्या पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका पेंचांतून सुटण्याचा इतिहास आहे.

येथें क्षणभर पुण्यास येऊन जाऊं. आपला अभिमान कुरवाळण्यासाठीं नव्हे. पेंचाची किल्ली तेथें आहे म्हणून. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें एक पत्र छापून आलें. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नांवाचा गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातींतल्या एका जाणकार माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. त्याचें नांव पत्रांत दिलेलें नाहीं. त्यानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याप्रमाणें कपाळाची कातडी कापून खालीं वळविली आणि नाकाच्या जागीं बसविली. मुख्य कौशल्य याच्या पुढें आहे. ती कातडी त्यानें पुरती सोडविली नाहीं. दोन डोळ्यांच्या मधें एक अरुंद देठ राखला. त्या देठांतून रक्त जात राहिलें म्हणून कातडी जगली. नवी जागा धरल्यावर मग देठ कापला. हें वर्णन वाचून लंडनच्या कार्प्यूनें १८१४ सालीं तसा प्रयोग केला व १८१६ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें, आणि देठाचें तत्त्व युरोपच्या शस्त्रवैद्यकांत नव्यानें रुजलें. शरीराचा तुकडा हलवावयाचा असेल तर त्याचा देठ राखा : एवढेंच तें तत्त्व. स्तनाच्या बाबतींत तें लागूं करण्यास युरोप-अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांना त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला, याचें नवल वाटतें.

पहिल्या महायुद्धानें चेहरे छिन्नभिन्न झालेले हजारों सैनिक शस्त्रवैद्यांपुढें आणून टाकले. मघांच्या मोरेस्तँचें काम पॅरिसमध्यें पाहून हॅरोल्ड गिलीज यानें इंग्लंडांत तें पुढें नेलें. युद्ध संपलें, हात तयार झालेले, आणि शांततेच्या काळांत ते हात नागरिकांच्या देहांकडे वळले. त्यांतच १९२० नंतर पाश्चात्य शहरांत सपाट छातीची पोशाखाची तऱ्हा निघाली. त्यामुळें असें झालें, कीं पाठदुखीनें हैराण झालेली स्त्री आणि फॅशनसाठीं आलेली स्त्री एकाच दरवाज्याशीं उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्या जगाला दोघींतला फरक दिसेनासा झाला. पॅरिसच्या न्यायालयानें १९२९ सालीं एक निकाल दिला. खटला स्तनांचा नव्हे, पोटऱ्या बारीक करण्याच्या शस्त्रक्रियेचा होता. तींत त्या स्त्रीचा पाय कापावा लागला होता. निरोगी अवयवावर केवळ रूपासाठीं धोक्याचें शस्त्र धरणें हाच मुळीं दोष, असें न्यायालयानें ठरविलें. निकालाची धास्ती रूपाच्या सर्वच शस्त्रक्रियांना बसली. याच पॅरिसमध्यें सुझान नोएल ही स्त्री-शस्त्रवैद्य काम करीत होती. १९२६ सालीं तिनें या विद्येच्या सामाजिक कार्यावर ग्रंथ लिहिला होता. पोट भरण्यासाठीं नोकरी करणाऱ्या बाईला आपला देह हें भांडवल असतें, त्याची डागडुजी ही चैन नव्हे, असा तिचा रोख होता. मतांनीं ती स्त्रीहक्कवादी होती, आणि रोग्याचें म्हणणें ऐकून घेण्याची तिची हातोटी विशेष होती असें दिसतें.

आतां पेंच कसा सुटला तें पाहूं. शिकागोच्या मॅक्स थोरेकनें १९२२ च्या सुमारास सरळ गांठ तोडली. त्यानें स्तनाग्र अजिबात सोडवून बाजूस ठेवलें, स्तनाचा खालचा भाग काढला, आणि नव्या जागीं स्तनाग्र कातडीच्या ठिगळासारखें शिवलें. ठिगळ बहुधा जगे. पण त्याची संवेदना जाई आणि दूध येण्याचा मार्ग कायमचा तुटे. तरीहि अतिशय मोठ्या स्तनांसाठीं, किंवा ज्यांना दीर्घ शस्त्रक्रिया सोसणार नाहीं अशा रोग्यांसाठीं, ही रीत आजहि वापरतात. जुनी म्हणून ती टाकाऊ झालेली नाहीं.

व्हिएन्नाच्या हर्मान बीझेनबर्गरनें १९२८ सालीं दुसरी वाट धरली. त्यानें कातडी आंतील ग्रंथीपासून सर्व बाजूंनीं मोकळी केली, ग्रंथीचा बाहेरच्या अंगाचा भाग नागमोडी छेदानें काढला, उरलेली ग्रंथि वळवून शंकूसारखी बांधली आणि वर कातडी पांघरली. आकार मोठा सुबक येई. पुढें जवळजवळ तीस वर्षें ही रीत जगभर चालली. गिलीज आणि त्याचा नातेवाईक मॅकिंडो यांनींहि १९३९ सालीं या शस्त्रक्रियेवर जो लेख लिहिला, त्यांतील रीत या घराण्यांतलीच. पण तिची किंमत कित्येक स्त्रियांनीं मोजली. कातडी आणि ग्रंथि एकमेकांपासून तोडल्यावर दोघांचेंहि रक्त निम्मे होतें, आणि एखाद्या रोग्यांत कातडी काळी पडून सडे, कधीं स्तनाग्रच जाई. व्हिएन्नाच्याच श्वार्झमाननें १९३० सालीं एक साधी दिसणारी पण फार मोलाची गोष्ट केली. स्तनमंडलाच्या भोंवतींची कातडी कापून फेंकण्याऐवजीं त्यानें तिचा फक्त वरचा पापुद्रा सोलला आणि खालचा जिवंत थर तसाच राखला; त्या थरांतील बारीक शिरांनीं स्तनाग्र जगतें, हें त्यानें दाखविलें. पुण्याच्या त्या नाकाचा देठ अखेर येथें अवतरला. फरक इतकाच, कीं तो पुढें कापावयाचा नव्हता. सोललेला देठ कातडीखालीं कायमचा दडवून ठेवावयाचा होता. न्यूयॉर्कच्या मालिन्याकनें १९४३ च्या सुमारास मृत देहांतील धमन्या तपासून स्तनाला रक्त कोठून कोठून येतें याचे नकाशे काढले. आधीं चाकू आणि मग नकाशा, असा हा उलटा क्रम आहे. वैद्यकांत तो नेहमींच आढळतो.

कातडीच्या मापाचा प्रश्न सोडविला तो टेक्सासमधील ह्यूस्टनच्या रॉबर्ट वाइझनें, १९५६ सालीं. त्याची युक्ति आपल्या शिंप्यालाहि पटण्यासारखी आहे. वर्तुळाकार वस्तूवर सपाट कापड बसवावयाचें तर कोठें पाचर काढावी लागते, कोठें कळी जोडावी लागते, हें चोळी बेतणाऱ्याला ठाऊक असतें. वाइझनें हेंच ज्ञान काचोळीच्या, म्हणजे ब्रेसियरच्या, बेतावरून उचललें, तसा नमुना तयार केला आणि शस्त्रक्रियेपूर्वीं स्त्री उभी असतांना तो कातडीवर आंखून घेण्याची शिस्त घातली. मेणाच्या पत्र्यानें नाक आंखणाऱ्या त्या अनामिकाचीच ही जात. वाइझच्या नमुन्यानें राहणारा वण उलट्या टी अक्षराचा : मंडलाभोंवतीं कडें, तेथून खालीं उभी रेघ, आणि घडींतून आडवी रेघ. हा नमुना आजहि जगांत सर्वत्र चालतो.

देठ आणि नमुना अशा दोन्ही गोष्टी हातीं आल्यावर पुढची प्रगति झपाट्यानें झाली, आणि तिच्याविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. कोणीं देठ कोणत्या बाजूस राखला एवढाच बहुतेक वाद आहे. स्टॉकहोमच्या स्ट्रॉमबेकनें १९६० सालीं आडवा, दोन्ही बाजूंनीं जोडलेला देठ राखला. कॅलिफोर्नियाच्या मॅकिसॉकनें १९७२ सालीं उभा दुहेरी देठ राखला. त्यानंतर ब्राझीलच्या रिबेरोनें १९७५ सालीं आणि बोस्टनच्या कोर्टिस व गोल्डविन यांनीं १९७७ सालीं फक्त खालच्या बाजूचा देठ पुरतो हें दाखविलें, आणि ही खालच्या देठाची रीत पुढें अमेरिकेंत रूढ झाली. तिकडे फ्रान्समध्यें लासूस हा १९७० च्या आसपास आडवी रेघ मुळींच टाळून केवळ उभ्या वणावर काम भागवूं लागला होता. त्याची रीत फार दिवस कोणीं मनावर घेतली नाहीं. ती लोकप्रिय केली दोघी स्त्रियांनीं : ब्रुसेल्सच्या माडलेन लेजूर यांनीं १९९० च्या सुमारास, आणि कॅनडांतील बॅन्फ येथील एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनीं १९९९ सालीं, मधल्या बाजूचा देठ घेऊन. या सुधारणेंत बायका पुढें होत्या हा निव्वळ योगायोग आहे कीं काय, हें मी सांगूं शकत नाहीं; पण आडवा वण हा बायकांना सर्वांत जाचणारा वण, हें मात्र खरें.

ज्या घरांत हा प्रश्न आज उभा आहे, तेथील माणसांना इतिहासापेक्षां निवडीची माहिती अधिक हवी असेल. तीहि इतिहासांतूनच उमगते. एखादी शस्त्रवैद्य स्त्रीला म्हणाली, कीं तुमच्यासाठीं खालचा देठ आणि उलट्या टीचा वण बरा, तर त्यांतील देठ हा रक्ताचा प्रश्न आहे आणि वण हा कातडीचा. हे दोन निर्णय वेगळे आहेत, व दोन्हींविषयीं स्वतंत्रपणें विचारतां येतें. फार मोठ्या, फार ओघळलेल्या स्तनाला उलट्या टीचा नमुना सोईचा. मध्यम वाढ असेल तर पळीच्या आकाराचा, म्हणजे कडें आणि उभा दांडा एवढाच वण पुरतो. किंचित् कमी करावयाचें असेल तर नुसतें कडेंहि चालतें, पण त्यानें आकार कांहींसा चपटा येतो. स्तनांत मेदाचा अंश जास्त असेल आणि कातडींत लवचिकपणा टिकून असेल तर नळीनें मेद शोषून घेण्याचा उपायहि आहे. पॅरिसच्या इलूझनें १९७७ सालापासून रूढ केलेली ही युक्ति. तिचे वण अगदीं लहान, परंतु ओघळ मात्र ती हवा तसा उचलत नाहीं.

शस्त्रक्रिया संपूर्ण गुंगींत होते; बहुधा दोनतीन तास लागतात, आणि पुष्कळदां त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातां येतें. जड उचलणें कांहीं आठवडे वर्ज्य. वण वर्षभर फिके होत जातात, पण पुसून जात नाहींत. स्तनाग्राची संवेदना कांहींची कमी होते, क्वचित् जाते. कांहींची उलट सुधारते. देठ राखला असेल तर पुढें बाळाला पाजतां येण्याचा संभव राहतो, पण त्याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून जिला अजून मूल व्हावयाचें आहे तिनें हा प्रश्न आधींच स्पष्ट विचारला पाहिजे. मुलीच्या स्तनांची वाढ पूर्ण होईपर्यंत बहुधा थांबावें लागतें. अपवाद अशा मुलींचा, कीं ज्यांची वाढ वयांत येतांच बेफाम होते आणि शाळेत जाणेंहि नकोसें होतें. गरोदरपणीं किंवा वजन वाढल्यास स्तन पुन्हा मोठे होऊं शकतात. तंबाखू ओढणाऱ्यांना बरेच शस्त्रवैद्य आधीं ती सोडावयास लावतात; यांत नीतीचा प्रश्न नाहीं, तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आंखडतात आणि देठाचा सारा भरंवसा त्यांच्यावरच असतो. काढलेलें मांस सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें जातें, आणि एखादे वेळीं त्यांत अनपेक्षितपणें कर्करोगाची सुरुवात सांपडून बाई वेळींच सावध होते. शस्त्रक्रियेपूर्वीं वयाप्रमाणें स्तनांची क्ष-किरण तपासणी करतात तीहि यासाठींच.

आतां वजनकांट्याची गोष्ट. अमेरिकेंत या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपन्यांकडे जाऊं लागला, तेव्हां त्यांनीं जुनाच सवाल टाकला : ही व्याधि कीं हौस? १९९१ सालीं पॉल श्नूर या शस्त्रवैद्यानें आपल्या व्यवसायबंधूंकडून रोग्यांचीं मापें, काढलेल्या मांसाचें वजन आणि शस्त्रक्रिया कशासाठीं झाली याविषयींचें त्यांचें मत मागविलें, आणि देहाच्या आकारमानाशीं काढलेल्या वजनाचा मेळ घालणारा एक तक्ता तयार केला. विमा कंपन्यांनीं तो उचलला आणि त्याचा कायदा केला : इतके ग्रॅम निघणार असतील तर दुखणें खरें, त्याहून कमी निघणार असतील तर हौस. कित्येकांनीं तर तक्ताहि बाजूस ठेवून दर स्तनामागें ५०० ग्रॅमची सरसकट रेघ ओढली. म्हणजे ४९० ग्रॅमचें ओझें वाहणारीची पाठ दुखत नाहीं असें समजावयाचें. १९९९ सालीं श्नूर यांना आपल्याच तक्त्याकडे पुन्हा वळून पाहणारा लेख लिहावा लागला. २००२ सालीं अमेरिकेंतीलच एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांना त्यांच्या दुखण्याविषयीं त्यांच्याच शब्दांत नव्हे, तरी निदान त्यांच्याच तोंडून, पद्धतशीर विचारण्यांत आलें. आढळलें तें असें : वजन घटविणें, व्यायाम, खास शिवलेल्या काचोळ्या यांनीं कायमचा आराम बहुतेकींना मिळाला नव्हता, शस्त्रक्रियेनें मिळाला, आणि तो आराम किती ग्रॅम काढले यावर अवलंबून नव्हता.

प्लिमथच्या त्या तरुणीनंतर तीनशेंतेहेतीस वर्षांनीं हें घडलें. तरीहि विम्याच्या नियमावल्यांतून ग्रॅम सगळीकडे हटलेले नाहींत, कारण वजन मोजावयाला सोपें असतें आणि दुखणें ऐकावयाला वेळ लागतो.

आमच्या वाड्यांतील आजींच्या खोलींत दाराआडच्या खुंटीला जुन्या धोतराच्या मऊ चिंध्यांच्या दोन घड्या नेहमीं टांगलेल्या असत. खांद्यावरच्या खाचांत, पट्टीखालीं घालण्यासाठीं त्या घड्या होत्या, हें आईनें सांगितलें तेव्हां कळलें. आम्ही मुलें शाळेतून आलों कीं शाईचीं बोटें त्यांनाच पुशीत असूं, आणि आजी कांहीं न बोलतां त्या धुवून पुन्हा खुंटीला टांगीत.